लिनक्स ॲडमिनचं सर्टिफिकेशन: आरएचसीएसएची तयारी घरच्या लॅबवर कशी करायची

लिनक्स ॲडमिनसाठीच्या परीक्षा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. काहींत पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं. काहींत समोर चालू मशीन देतात आणि सांगितलेलं काम त्यावर करून दाखवायचं असतं. रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए (रेड हॅट सर्टिफाइड सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर) या दुसऱ्या प्रकारची आहे. फी भरण्याआधी हा फरक नीट समजून घ्या, कारण दोन्हींची तयारी अगदी वेगळी आहे. पहिल्या प्रकारच्या तयारीने दुसरीला बसलेला उमेदवार पहिल्या अर्ध्या तासातच अडकतो.

लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची एलपीआयसी-१ पहिल्या प्रकारची. १०१ आणि १०२ असे दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं. गुण २०० ते ८०० या मापात मिळतात, पास व्हायला ५०० लागतात. प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. ही परीक्षा एका डिस्ट्रिब्युशनला (लिनक्सच्या एका तयार संचाला) बांधलेली नाही. डेबियनची डीपीकेजी-एपीटी आणि रेड हॅटची आरपीएम-डीएनएफ ही दोन्ही पॅकेज घराणी (सॉफ्टवेअर बसवण्याच्या पद्धती) त्यात येतात, त्यामुळे पाया रुंद होतो. अगदी नवख्यांसाठी याच संस्थेची लिनक्स इसेन्शियल्स आहे, ४० प्रश्नांची आणि कधीही मुदत न संपणारी. ज्यांना बीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करायचंय, त्यांच्यासाठी बीएसडी स्पेशालिस्ट ही वेगळी परीक्षा आहे.

दुसऱ्या प्रकारात लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस येते. ती २ तासांची असते, पासाची रेषा ६७ टक्के आणि त्याच फीमध्ये एकदा पुन्हा बसता येतं. याच प्रकारातली दुसरी म्हणजे रेड हॅटची आरएचसीएसए. परीक्षेचा क्रमांक ईएक्स २००, एकूण ३०० गुण, पासाला २१०, मुदत ३ वर्षं. पुण्या-मुंबईच्या आयटी सेवा कंपन्यांत आणि बँकांच्या सर्व्हरवर रेड हॅट घराण्याचं लिनक्स भरपूर दिसतं. म्हणून ॲडमिनची पहिली नोकरी शोधणाऱ्याने हीच परीक्षा धरावी असं आमचं स्पष्ट मत आहे. उबुंटूवर चालणाऱ्या स्टार्टअपमध्ये जायचं ठरलं असेल तर एलएफसीएस घ्या. पुढे दिलेली तयारी तिलाही बरीचशी चालते. एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेच्या जागी तिथे ॲपआर्मर ही दुसरी यंत्रणा जास्त भेटेल, एवढं लक्षात ठेवा.

एक सूचना: या लेखात कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. ‘मोठा’ असं सांगितलेलं नसेल तिथे छोटी अक्षरं.

लॅब उभी करा

क्लास लावा किंवा लावू नका, लॅब मात्र स्वतःची हवी. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, १६ जीबी असेल तर सुखाने काम होतं. बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते आधी बघा. इंटेलच्या मशीनवर हा पर्याय व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम या नावाने दिसतो. तो बंद असेल तर व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही, किंवा इतकं संथ चालतं की दोन दिवसांत उत्साह संपतो. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर वापरा, विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्स.

दोन मशीनं बनवा. प्रत्येकाला २ सीपीयू, २ जीबी रॅम आणि २० जीबीची मुख्य डिस्क. पहिल्याला ५ जीबीच्या आणखी दोन रिकाम्या डिस्क जोडा. पार्टिशन आणि एलव्हीएमचा (डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याच्या पद्धतीचा) सगळा सराव त्यांवर होईल. दुसरं मशीन एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा) सर्व्हर म्हणून आणि बाहेरून तपासणी करण्यासाठी लागतं. एकाच मशीनवर अभ्यास केला की फायरवॉलची चूक कधीच कळत नाही. स्वतःच्याच मशीनवरून ‘कर्ल लोकलहोस्ट’ केलं तर पान नेहमी उघडतं, कारण ती वाहतूक फायरवॉलच्या नियमांत अडतच नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पैसे मोजायची गरज नाही. रेड हॅटच्या डेव्हलपर खात्यावर एका व्यक्तीला १६ मशीनांपर्यंत रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स मोफत वापरता येतं. खातं काढायचं नसेल तर रेड हॅटशी जुळणारं मोफत अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स घ्या. जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत सेंटओएस ७ दिसेल. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यावर अभ्यास सुरू करू नका.

आवृत्तीकडे नीट लक्ष द्या. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मे २०२५ मध्ये आलं. ९ च्या अभ्यासक्रमात पॉडमन कंटेनर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणं) हा मोठा विषय होता. १० मध्ये तो काढला आणि फ्लॅटपॅक (ॲप बसवण्याची वेगळी पद्धत) आलं. बुकिंग करताना परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे ते वाचा आणि लॅबमध्ये तीच आवृत्ती बसवा. जुन्या लॅपटॉपवर इथे एक खोच आहे. १० ला प्रोसेसरची एक्स८६-६४ व्ही३ ही पातळी लागते. ‘एलएससीपीयू’च्या यादीत एव्हीएक्स२ दिसत नसेल तर ते मशीन त्यात बसत नाही. अल्मालिनक्स १० ची व्ही२ साठी वेगळी आवृत्ती मिळते, अशा लॅपटॉपवर ती वापरा.

इन्स्टॉल करताना ‘मिनिमल’ न निवडता ‘सर्व्हर’ घ्या. झालं की लगेच स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) काढा आणि त्याला ‘कोरं’ असं नाव द्या. प्रत्येक सरावसंच या कोऱ्या मशीनपासून सुरू करायचा. कालच्या सेटिंगवर आजचा सराव केला तर काम आज केल्यामुळे चाललं की कालच्यामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

काय आणि किती

रोज दीड तास मिळत असेल तर बारा आठवड्यांचा बेत धरा. पहिले चार आठवडे पायाभूत कमांड, परमिशन, युजर आणि व्हीआयएम हा टेक्स्ट एडिटर. पुढचे तीन स्टोरेज. मग तीन आठवडे नेटवर्क, सर्व्हिस, फायरवॉल आणि एसईलिनक्स. शेवटचे दोन आठवडे फक्त पूर्ण सरावसंच, घड्याळ लावून. रेड हॅटचे अधिकृत कोर्स आरएच १२४ आणि आरएच १३४ हेच विषय शिकवतात. महागडा कोर्स परवडत नसेल तर पायासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले लिनक्सचे पाठ मोफत आहेत आणि त्यांचं मराठी ध्वनिमुद्रणही मिळतं. ते उबुंटूवर आहेत, पण फाइली, परमिशन, पाइप आणि ग्रेप सगळीकडे सारखेच.

युजर आणि ग्रुपवर फार वेळ घालवू नका. फक्त तीन ठिकाणी सांभाळा. ‘युजरमॉड -एजी’मध्ये (ए छोटा, जी मोठा) ए विसरलात तर त्या युजरचे आधीचे सगळे जादा ग्रुप जातात. पासवर्डच्या मुदतीसाठी /ईटीसी/लॉगिन.डेफ्स बदललं तर ते पुढे तयार होणाऱ्या युजरनाच लागू होतं. जुन्यांसाठी ‘चेज’ वापरा. आणि सामायिक फोल्डर सांगितलं असेल तर २७७० परमिशन द्या. त्यातला २ नसेल तर नव्या फाइली बनवणाऱ्याच्या ग्रुपमध्ये जातात, फोल्डरच्या नाही.

क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणं), टार (फाइलींचा गठ्ठा बांधणं), फाइंड (फाइली शोधणं), क्रोनी (घड्याळ जुळवणं), ट्यून्ड (मशीनचा वेग जुळवणं) हे विषय एकेका संध्याकाळचे आहेत. शेल स्क्रिप्टही सोपीच विचारतात: एखादा फॉर लूप, एखादी इफची अट, $१ मधून आलेलं मूल्य. पहिली शेबँगची (#! ने सुरू होणारी) ओळ आणि ‘सीएचमॉड +एक्स’ विसरू नका.

स्टोरेज: इथे घाई नको

सुरुवात नेहमी ‘एलएसबीएलके’ने. केव्हीएममध्ये डिस्क व्हीडीए, व्हीडीबी अशा दिसतात, व्हर्च्युअलबॉक्समध्ये एसडीए, एसडीबी. नाव पाठ करून टाइप करणारा कधीतरी मुख्य डिस्कवरच एफडिस्क चालवतो. एफडिस्कमध्ये बदल करून झाले की ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत काहीही लिहिलं जात नाही, हे लक्षात ठेवा. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन चारच बसतात. तीन झाली की चौथं एक्सटेंडेड करा, नाहीतर पुढच्या प्रश्नाला जागा असूनही पार्टिशन बनत नाही.

आता हा नमुना प्रश्न बघा: १६ एमबी एक्स्टेंटचा (एक्स्टेंट म्हणजे एलव्हीएममधलं जागा मोजायचं एकक) ‘डेटाव्हीजी’ नावाचा व्हॉल्यूम ग्रुप बनवा, त्यात ५० एक्स्टेंटचा ‘डेटाएलव्ही’ बनवा, त्यावर एक्सएफएस फाइल सिस्टिम घाला आणि /डेटा वर कायमचा माउंट करा.

व्हीजीक्रिएट -एस १६एम डेटाव्हीजी /डेव्ह/व्हीडीबी१ (एस छोटा)
एलव्हीक्रिएट -एल ५० -एन डेटाएलव्ही डेटाव्हीजी (एल आणि एन छोटे)
एमकेएफएस.एक्सएफएस /डेव्ह/डेटाव्हीजी/डेटाएलव्ही

छोटा एल म्हणजे एक्स्टेंटची संख्या, मोठा एल म्हणजे आकार. ५० एक्स्टेंट गुणिले १६ एमबी म्हणजे ८०० एमबी. चुकून मोठा एल टाइप केला तर ५० एमबी मागितल्यासारखं होतं आणि एक्स्टेंटच्या पटीत गोल होऊन ६४ एमबीचा व्हॉल्यूम मिळतो. नव्या आवृत्त्यांत ३०० एमबीपेक्षा लहान जागेवर एक्सएफएस बनतच नाही, त्यामुळे तिथे चूक लगेच दिसते. ईएक्सटी४ सांगितलं असेल तर ती गुपचूप तशीच राहते. म्हणून बनवल्यावर ‘एलव्हीएस’ आणि ‘व्हीजीडिस्प्ले’ चालवून आकडे पडताळायचेच.

आणखी एक बारीक हिशोब. १ जीबीच्या पार्टिशनवर १६ एमबीचे ६४ एक्स्टेंट बसायला हवेत असं वाटतं, पण मिळतात ६३. सुरुवातीची सुमारे १ एमबी जागा एलव्हीएमच्या स्वतःच्या नोंदींना जाते आणि शेवटचा एक्स्टेंट अपुरा पडतो. पार्टिशन नेहमी हवं त्यापेक्षा थोडं मोठं घ्या.

व्हॉल्यूम वाढवताना ‘एलव्हीएक्स्टेंड’ला -आर (छोटा) द्या, म्हणजे फाइल सिस्टिमही त्याच झटक्यात वाढते. तो विसरलात तर ‘एलव्हीएस’मध्ये नवा आकार दिसतो, पण ‘डीएफ’मध्ये जुनाच. ‘५०० एमबीने वाढवा’ असं असेल तर आकड्याआधी अधिकचं चिन्ह हवं; ‘५०० एमबीचा करा’ असं असेल तर नको. प्रश्न दोनदा वाचा. एक्सएफएस वाढवता येतं, लहान करता येत नाही. जास्त वाढवलं तर पाडून पुन्हा बनवणं हाच उपाय.

कायमचं माउंट म्हणजे /ईटीसी/एफएसटॅबमध्ये सहा रकाने: यूयूआयडी (डिस्कच्या त्या भागाची कायमची ओळख), जागा, फाइल सिस्टिमचा प्रकार, पर्याय, ० आणि ०. यूयूआयडी ‘बीएलकेआयडी’ने काढा आणि हाताने टाइप न करता >> वापरून फाइलीच्या शेवटी जोडा. दोन बाण म्हणजे जोडणं, एक बाण म्हणजे आधीची सगळी फाइल पुसणं. ही फाइल पुसली गेली की मशीन नीट उठत नाही. ओळ लिहिल्यावर या क्रमाने तपासा: ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’, मग ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’, मग ‘माउंट -ए’. स्वॅप ‘माउंट -ए’ने चालू होत नाही, त्यासाठी ‘स्वॅपऑन -ए’ वेगळं द्यावं लागतं. या तिन्ही तपासण्या चुकल्या आणि रीबूट केलं, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबून रूटचा पासवर्ड मागतं. घाबरू नका. पासवर्ड द्या, चुकलेल्या ओळीच्या सुरुवातीला # लावा, रीबूट करा, मग शांतपणे दुरुस्त करा. लॅबमध्ये हे मुद्दाम करून बघा. परीक्षेत पहिल्यांदाच तो काळा पडदा बघणाऱ्याचे हात थंड पडतात.

एसईलिनक्स: बंद करायचं नाही, समजून घ्यायचं

बऱ्याच कामाच्या ठिकाणी एसईलिनक्स अडवायला लागलं की ‘सेटएनफोर्स ०’ करून मोकळे होतात. परीक्षेत हे चालत नाही, आणि प्रत्यक्ष सर्व्हरवरही चालवू नये. शिवाय ते रीबूटनंतर टिकतही नाही.

एक प्रसंग पूर्ण करून बघा. एचटीटीपीडी हा वेब सर्व्हर बसवा, /ईटीसी/एचटीटीपीडी/कॉन्फ/एचटीटीपीडी.कॉन्फ मध्ये ‘लिसन’च्या पुढे ८० च्या जागी ८२ लिहा आणि सर्व्हिस सुरू करा. ती सुरू होत नाही. ‘जर्नलसीटीएल -यू एचटीटीपीडी’ बघितलं तर परमिशन डिनाइड असं दिसतं. सर्व्हिस तर रूट सुरू करतोय, मग परवानगी कोण नाकारतंय? एसईलिनक्सच्या यादीत वेब सर्व्हरला ठराविकच पोर्ट दिलेले आहेत. ही यादी अशी काढा:

सीमॅनेज पोर्ट -एल | ग्रेप एचटीटीपी (एल छोटा)

८०, ८१, ४४३, ४८८, ८००८, ८००९, ८४४३, ९००० हे आकडे दिसतील. ८२ त्यात नाही. तो घाला:

सीमॅनेज पोर्ट -ए -टी एचटीटीपी_पोर्ट_टी -पी टीसीपी ८२

‘सीमॅनेज’ सापडत नाही असं आलं तर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स सीमॅनेज’ विचारा. पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स हे पॅकेज लागतं. कमांड पाठ नसेल तर ‘मॅन सीमॅनेज-पोर्ट’ उघडा आणि थेट खालच्या उदाहरणांवर जा, जवळजवळ हीच ओळ तिथे आहे. आता ‘सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ एचटीटीपीडी’. नुसतं ‘स्टार्ट’ केलं तर रीबूटनंतर सर्व्हिस बंद सापडेल आणि त्या कामाचे गुण जातील.

काम अजून अर्धंच झालंय. दुसऱ्या मशीनवरून ‘कर्ल’ करा, जोडणी होत नाही. फायरवॉल उघडा:

फायरवॉल-सीएमडी --परमनंट --ॲड-पोर्ट=८२/टीसीपी
फायरवॉल-सीएमडी --रीलोड

‘परमनंट’ विसरलात तर आत्ता चालेल, रीबूटनंतर नाही. ‘रीलोड’ विसरलात तर उलट: आत्ता चालणार नाही, रीबूटनंतर चालेल. दोन्ही चुका मुद्दाम करून त्यांची लक्षणं ओळखा.

शेवटचा पेच. पान उघडतं, पण ४०३ फॉरबिडन. फाइलीची परमिशन ६४४ असूनही. ‘एलएस -झेड’ (झेड मोठा) केलं तर फाइलीवर ॲडमिन_होम_टी अशी चिठ्ठी (एसईलिनक्सचं लेबल) दिसेल, कारण ती रूटच्या होममधून ‘एमव्ही’ने आणली. ‘एमव्ही’ जुनी चिठ्ठी सोबत घेऊन येतो. ‘सीपी’ने आणली असती तर नव्या जागेची चिठ्ठी लागली असती. उपाय: ‘रिस्टोरकॉन -आरव्ही /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’ (आर मोठा). वेबसाइट नेहमीच्या जागी नसून /वेब मध्ये असेल तर आधी नियम लिहा, मग लावा:

सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी '/वेब(/.*)?'
रिस्टोरकॉन -आरव्ही /वेब

‘सीएचकॉन’नेही चिठ्ठी बदलते, पण पुढच्या रीलेबलमध्ये ती पुसली जाते. म्हणून ‘सीएचकॉन’ची सवयच लावू नका. बूलियन (एसईलिनक्सचे चालू-बंद पर्याय) बदलताना ‘सेटसेबूल’ला -पी (मोठा) द्या, त्याशिवाय बदल टिकत नाही. आणि कुठे काय अडलं ते शोधायला ‘ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट’.

हा एक सराव नीट झाला की सर्व्हिस, पोर्ट, फायरवॉल आणि फाइल अशा चारही थरांत दोष कसा शोधायचा ते हातात बसतं. नोकरीतलं रोजचं कामही बहुतेक असंच असतं.

रूट पासवर्ड, नेटवर्क, रिपॉझिटरी

पासवर्ड माहीत नसलेल्या मशीनमध्ये शिरायचं काम झोपेतही जमलं पाहिजे. ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या बूट मेन्यूच्या) पडद्यावर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘इनिट=/बिन/बॅश’ लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. मग:

१. माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
२. पासवर्ड बदला, ‘पासडब्ल्यूडी’ने
३. टच /.ऑटोरीलेबल
४. एक्झेक /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टमडी

पहिली पायरी चुकली तर पासवर्ड लिहिलाच जात नाही, कारण डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. तिसरी चुकली तर त्रास नंतर होतो. या अवस्थेत एसईलिनक्सचं धोरण लोड झालेलं नसतं, त्यामुळे नव्या शॅडो (पासवर्ड साठवणाऱ्या) फाइलीवर योग्य चिठ्ठी लागत नाही आणि बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिन होत नाही. रीलेबलला काही मिनिटं लागतात. मशीन अडकलं असं समजून मध्येच बंद करू नका.

नेटवर्क ‘एनएमसीएलआय’ने लावा. आयपी, गेटवे, डीएनएस दिल्यावर ‘आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल’ दिलंच पाहिजे, नाहीतर डीएचसीपी चालूच राहतं आणि मशीनला दोन पत्ते लागतात. मग ‘कॉन अप’. होस्टनेम ‘होस्टनेमसीटीएल’ने. पर्यायांची नावं आठवत नसतील तर ‘मॅन एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स’ हे पान तयार उदाहरणांनी भरलेलं आहे.

रिपॉझिटरीसाठी (पॅकेज जिथून येतात त्या साठ्यासाठी) /ईटीसी/यम.रेपोज.डी मध्ये .रेपो ने संपणारी फाइल बनवा. बेसओएस आणि ॲपस्ट्रीम असे दोन विभाग, प्रत्येकात नाव, बेसयूआरएल, एनेबल्ड=१ आणि किल्ली दिली नसेल तर जीपीजीचेक=०. पत्त्यात एक अक्षर चुकलं तर पुढचं काहीच इन्स्टॉल होत नाही, म्हणून लगेच ‘डीएनएफ रेपोलिस्ट’ आणि एखादं छोटं पॅकेज बसवून खात्री करा. सरावासाठी डीव्हीडीची आयएसओ माउंट करून तिचाच पत्ता द्या.

ऑटोएफएसमध्ये (गरज पडली की आपोआप माउंट करणाऱ्या सर्व्हिसमध्ये) बहुतेकांची चूक एकच असते: /ईटीसी/ऑटो.मास्टर.डी मधली फाइल .ऑटोएफएस ने संपत नाही आणि म्हणून वाचलीच जात नाही. आवृत्ती ९ वर बसणाऱ्यांनी पॉडमनमध्ये हे सांभाळावं: साध्या युजरची कंटेनर सर्व्हिस बूटला सुरू व्हायला ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ लागतं. आणि त्या युजरमध्ये ‘एसयू’ने न जाता एसएसएचने शिरा, नाहीतर ‘सिस्टमसीटीएल --युजर’ बसशी जोडता येत नाही म्हणून थांबतं.

परीक्षेचे तास

इंटरनेट नसतं. मॅन पानं आणि /यूएसआर/शेअर/डॉक एवढाच आधार. ‘मॅन -के’ काही दाखवत नसेल तर आधी ‘मॅनडीबी’ चालवा. सरावातही गूगल बंद ठेवा, शेवटच्या दोन आठवड्यांत तर नक्कीच.

पहिली १० मिनिटं सगळे प्रश्न वाचण्यात घाला. आधी पासवर्ड, नेटवर्क आणि रिपॉझिटरी, कारण बाकी सगळं त्यांवर उभं आहे. मग सोपी सुटी कामं. स्टोरेज शांत डोक्याने, मध्यावर. प्रत्येक काम झालं की तपासा, आणि स्टोरेज संपलं की एक रीबूट घ्या. शेवटचा रीबूट वेळ संपायच्या किमान २५ मिनिटं आधी. तपासणी रीबूट झालेल्या मशीनवरच होते. मशीन उठलंच नाही तर त्यावरचं बरोबर कामही मोजलं जात नाही. एखादं काम १५ मिनिटांत सुटलं नाही तर सोडून पुढे जा. ३०० पैकी ९० गुण गमावूनही पास होता येतं.

घरून परीक्षा देणार असाल तर रेड हॅटने दिलेल्या इमेजचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप बूट करावा लागतो आणि बाहेरून जोडलेला वेबकॅम लागतो. सुसंगतता चाचणी त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच इंटरनेटवर काही दिवस आधी करा. कंपनीच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून बूट करणं बहुधा बंद असतं. आपल्याकडे वीज जाते, तेव्हा राउटरही इन्व्हर्टरवर आहे का बघा. बुकिंगवरचं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळायला हवं. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही अडतं. ही डोकेदुखी नको असेल तर परीक्षा केंद्र निवडा.

क्लास निवडताना लॅबचे तास विचारा आणि शिकवणाऱ्याचा स्वतःचा प्रमाणपत्र क्रमांक मागा. रेड हॅटच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. ‘परीक्षेतलेच प्रश्न देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. परीक्षेआधी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो, तो मोडला तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय पाठ केलेल्या प्रश्नात एक्स्टेंटचा आकडा बदलला की तशा उमेदवाराला पुढे जाता येत नाही, आणि मुलाखतीत तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, जाहिरातीतला आकडा वाचताना तो धरा.

पास झाल्यावर मिळालेली ३ वर्षं नुसती जाऊ देऊ नका. पुढची आरएचसीई, म्हणजे ईएक्स २९४, ४ तासांची आणि पूर्णपणे ॲन्सिबलवर (अनेक मशीनांवर आपोआप काम करवणाऱ्या साधनावर) आहे. तिच्यासाठी आरएचसीएसए चालू असावं लागतं आणि ती पास झालात की आरएचसीएसएची मुदतही वाढते. तिच्या लॅबला एक कंट्रोल मशीन आणि १ जीबी रॅमची चार साधी मशीनं पुरतात. वर केलेलं युजर, स्टोरेज, फायरवॉल आणि पोर्ट ८२ चं सगळं काम आता हाताने न करता प्लेबुकमधून (ॲन्सिबलला दिलेल्या कामांच्या यादीतून) चारही मशीनांवर करा, आणि तेच प्लेबुक दुसऱ्यांदा चालवल्यावर ‘चेंज्ड’चा आकडा शून्य येतो का ते बघा.